लाँचच्या डुलण्याचा हिशेब

नाशकात राहून जहाजांचं काम करतो असं सांगितलं, की लोक आधी हसायचे. आमच्या गल्लीतला न्हावी तर दाढीला साबण लावता लावता हमखास विचारायचा, "काय साहेब, रामकुंडावर बोट कधी लावताय? पहिलं तिकीट आपलं." मी त्याला सांगून थकलो, की जहाज समुद्राकाठी बांधतात, पण ते कसं असावं हे कागदावर ठरतं, आणि कागद कुठंही मावतो.

आमचा कागद कॉलेज रोडच्या आतल्या बाजूला एका बंगल्याच्या तळमजल्यावर मावला होता. आमच्या साहेबांनी मुंबईत बरीच वर्षं जहाजांचे आराखडे केले होते. त्यांच्या पत्नीला दमा होता. डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली, म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते ड्रॉइंगची टेबलं ट्रकमध्ये घालून नाशकात आले. मासेमारीच्या बोटी, उतारूंच्या लाँच, बंदरात ओढकाम करणाऱ्या छोट्या नावा अशी कामं यायची. गिऱ्हाईक किनाऱ्यावरून यायचं आणि नाशिक रोडला उतरून टांग्यानं नाहीतर रिक्षानं आमच्याकडं पोचायचं. जाताना बरोबर द्राक्षांची पेटी न्यायचं. मी अभियांत्रिकी शिकलेला होतो. साहेबांच्या हाताखाली लवकरच त्यांचा पहिला माणूस झालो, आणि माझ्याकडं एक खास काम आलं. बोट अजून चार रेघांची असतानाच ती खवळलेल्या समुद्रात कशी वागेल, हे सांगायचं.

हे काम मला येत होतं आणि चांगलं येत होतं. आज एवढ्या वर्षांनी ते सांगताना मी विनय दाखवणार नाही. चुकीची कबुली पुढं द्यायचीच आहे, त्यासाठी जे येत होतं ते लपवायची गरज नाही.

बोटीची फक्त लांबी, रुंदी आणि अंदाजे वजन ठरलेलं असतं, तेव्हाच हा विचार करावा लागतो. साहेब म्हणायचे, "आत्ता बोट रुंद करायला खोडरबर लागतं. बांधल्यावर गॅसकटर लागतो." प्रत्येक बोटीचा स्वतःचा एक ताल असतो. तिला एका बाजूला कलवून सोडली, की ती आपल्या तालातच डुलते, दुसऱ्या कुठल्या नाही. लाटांचाही ताल असतो. हे दोन ताल जुळले, की लहान लाटसुद्धा बोटीला नाचवते. झोक्याला वेळेवर हात लावणारं पोर मोठ्या माणसाला उंच नेतं, तसंच हे.

आता यात सगळे फसतात अशी एक गोष्ट आहे. लोकांना वाटतं, जी बोट कमी कलते ती चांगली. ती सुरक्षित असते हे खरं. पण रुंद बोट कलली, की पाणी तिला जोरानं सरळ करतं. ती झटक्यात परत येते, झटक्यात पलीकडं जाते. आम्ही तिला ताठ बोट म्हणायचो. अरुंद बोट जास्त कलते, पण सावकाश, म्हशीसारखी. तिला आम्ही मऊ म्हणायचो. फार मऊ बोट उलटायची भीती असते आणि फार ताठ बोट माणसांना आपटते. आमचं कसब या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात होतं.

गिऱ्हाइकाला हे आकड्यांनी पटायचं नाही. म्हणून साहेबांनी सातपूरच्या एका वर्कशॉपमधून एक फळी करून घेतली. जाड सागवानी फळी, मधोमध आडव्या नळीवर टेकवलेली, खाली लोखंडी दांड्याला शिशाचं वजन. वजन खाली सरकवलं की फळी झटक्यात डुलायची, वर घेतलं की सावकाश. आम्ही हिशेबानं काढलेला ताल फळीला लावायचो, गिऱ्हाइकाला वर बसवायचो आणि एका बाजूला दाबून सोडायचो. मग म्हणायचो, "ही तुमची बोट." सगळ्यांना ते फार आवडायचं. शेजारच्या बंगल्यातल्या आजीबाईसुद्धा एकदा बसून गेल्या आणि म्हणाल्या, "आमच्या झोपाळ्यापेक्षा बरं नाही."

कामं वाढली तेव्हा साहेबांनी गणित शिकलेल्या एका बाईंना घेतलं. त्यांचे वडील नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये मशिनवर होते. बाई एम.एस्सी. झाल्या होत्या, आणि आमच्याकडच्या इंग्रजी पुस्तकांतली समीकरणं माझ्यापेक्षा लवकर सोडवायच्या. मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. वैशाखी पौर्णिमेला त्या घरून खिरीचा डबा आणायच्या. आम्ही सगळे खायचो. नकाशे गिरवणाऱ्या एका ट्रेसरचं पोट मात्र दर वर्षी नेमकं त्याच दिवशी बिघडायचं. एकदा बाई त्याला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पोटाचं कॅलेंडर छान आहे हं." तो दिवसभर नकाशात तोंड घालून बसला.

या बाईंनी पहिल्याच पावसाळ्यात फळीतली चूक काढली. फळीवर बसलेला माणूस नळीच्या जवळ बसतो. त्याला फक्त कलणं कळतं. बोटीत मात्र उतारू वरच्या मजल्यावर बसतो, आणि सुकाणूवाला त्याहून वर. बोट डुलते तेव्हा वरचा माणूस नुसता कलत नाही, बाजूला फेकला जातो. जितका उंच, तितका जास्त. "झाडाच्या बुंध्यावर बसून शेंड्याचा अंदाज घेतोय आपण," बाई म्हणाल्या. त्यांनी उपाय काढला तो साधा होता. फळीवर उंच स्टूल दोरानं घट्ट बांधायचं आणि माणसाला त्यावर बसवायचं. वर वजन गेलं की फळीचा ताल बदलतो, म्हणून बसणाऱ्याचं वजन विचारून खालचं शिसं पुन्हा लावायचं. या सगळ्याला वेळ लागायचा. मी म्हणालो, "बघू." म्हणजे नाही.

ऐंशीच्या आसपास कोकणातल्या एका लाँचचं काम आलं. खाडीतून निघून, तोंडाशी थोडा उघडा समुद्र ओलांडून पलीकडच्या बंदराला उतारू न्यायचे होते. मालक गडगडाटी हसणारे, देहानं भारदस्त. त्यांची जुनी लाँच फार कलायची. बंदराचा धक्का जवळ आला की सगळे उतारू एकाच बाजूला धावायचे आणि बायका किंचाळायच्या. मालकांची मागणी एकच होती. "मला कलणारी बोट नको. बाकी तुम्ही शहाणे आहात."

मी बोट रुंद केली. मला ते उत्तर सरळ वाटलं, आणि ते माझं होतं. बाईंनी दोन्ही आराखड्यांचे हिशेब केले, आधीच्या अरुंद बोटीचा आणि माझ्या रुंद बोटीचा. मग माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, ही कलणार नाही म्हणताय, पण ही फेकेल."

"किती कलेल?"

त्यांनी अंश सांगितले. रुंद बोटीच्या मानानं ते बरेच होते.

"एवढी रुंद बोट एवढी कलेल? कसं शक्य आहे?"

"अंश थोडे इकडंतिकडं होतील. पण ताल बघा ना. खाडीच्या तोंडाशी आखूड लाटा येतात, त्यांचा ताल आणि हिचा ताल जवळजवळ एकच आहे. वरच्या बाकावरचा माणूस टिकणार नाही."

"बाई, लाँचमध्ये बसलायत कधी?"

"नाही. तुम्ही?"

"घारापुरीला. कॉलेजच्या सहलीत."

"समुद्र कसा होता?"

"तळ्यासारखा."

"मग आपण दोघंही सारखेच," बाई म्हणाल्या, आणि सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. पण ते हसणं मला लागलं. पुढं जे झालं त्याला ते एवढंसं कारण पुरलं.

मालक फळीवर बसायला येणार होते त्या सकाळी बाई लवकर आल्या होत्या. त्यांनी स्टूल बांधून ठेवलं आणि शिशाचे तुकडे काढून तयार ठेवले. त्या साहेबांकडं गेल्या तेवढ्यात मी दोर सोडले आणि स्टूल जिन्याखाली सरकवलं. परत आल्या तेव्हा मालक येऊन बसलेले होते.

"सर, स्टूल?" त्या हळूच म्हणाल्या.

"राहू दे आज. पाहुण्यांना माकडासारखं वर बसवायचं का?"

त्या पाहुण्यांसमोर वाद घालणाऱ्या नव्हत्या. मला ते माहीत होतं.

आधी अरुंद बोटीचा ताल लावला. फळी सावकाश एका बाजूला गेली आणि मालकांनी दोन्ही हातांनी कडा धरल्या. "अहो, अहो, गेलो मी! हीच तर आमची जुनी म्हातारी!" मग माझ्या बोटीचा ताल लावला. फळी थोडी कलली, चटकन परत आली, पुन्हा गेली. खाली बसलेल्या माणसाला ते गमतीचं वाटतं. मालक पोट हलवत हसले. "ही माझी! हिच्यावर सही करतो."

लाँच बांधून झाली. पावसाळा ओसरता ओसरता चाचणी ठरली. साहेब आणि मी निघालो. बाईंनीही यायचं म्हणून विचारलं होतं. साहेब म्हणाले, "बाईमाणसाची तिथं सोय नसते." तो विषय तिथं संपला.

खाडीत बोट झकास चालली. मालक पांढरेशुभ्र कपडे घालून वरच्या बाकावर बसले होते. तोंडाशी आलो, लाटा आडव्या आल्या आणि बोटीनं आपला ताल धरला. मालक बाकावरून उडून कठड्यावर गेले, तिथून परत बाकावर. साहेब खांबाला मिठी मारून उभे राहिले. वर सुकाणूशी असलेल्या तांडेलाचा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. परत खाडीत आल्यावर तो भिंतीला टेकून बसला, घामानं चिंब, आणि मला म्हणाला, "बोट नाय ही. माजलेला बैल हाय. कलत नाय, पन शिंग मारतोय." त्याचा हात पुढं बरा झाला, पण सुकाणू त्यानं सोडलं.

त्या सगळ्यात मी माझं काम केलं होतं. जिन्याच्या पायरीत पाय अडकवून हातातल्या घड्याळावर मी बोटीचं डुलणं मोजत होतो. ताल बाईंनी काढलेला, अगदी तोच आला. कलण्याचे अंश मात्र त्यांनी सांगितल्याच्या निम्मेसुद्धा नव्हते.

नाशकात आल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चाचणीत मुरगळलेल्या पायानं ते अजून लंगडत होते.

"बाईंनी अंश किती लिहिले होते?"

मी सांगितलं.

"आणि आले किती?"

तेही सांगितलं.

"निम्मेही नाहीत! म्हणजे हिशेबच कच्चा. असल्या हिशेबावर आपण माणसं बसवली?"

"अंश चुकले, साहेब," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नव्हतो. खोटं बाहेर येऊन बोललो. बाई दाराशीच उभ्या होत्या.

"काय झालं, सर?"

"अंश चुकले."

त्यांनी हातातली वही उघडली. मग म्हणाल्या, "आणि ताल? ताल किती आला?"

"मोजता आला नाही. समुद्र फार होता."

ताल बरोबर आला म्हटलं असतं, तर त्यांचा इशारा बरोबर ठरला असता. इशारा बरोबर ठरला असता, तर स्टूल कुणी सोडलं आणि बोट कुणी रुंद केली, हे प्रश्न आले असते. मी पहिला माणूस होतो आणि मला तसंच राहायचं होतं. याहून मोठं काही कारण मी आजवर शोधलं, पण सापडलं नाही.

बाईंकडून डुलण्याचे हिशेब काढून घेतले. त्यांना पत्र्यांच्या वजनाच्या बेरजा दिल्या. त्या त्यांनी नीट केल्या. पुढच्या उन्हाळ्यात नाशिक रोडच्या एका शाळेत गणिताची जागा निघाली आणि त्या गेल्या. साहेब मला म्हणाले, "बरंच झालं. शाळेत अंश चुकले तर कुणाचं हाड मोडत नाही."

इकडं लाँच मीच दुरुस्त केली. ताठ बोट मऊ करायची तर वजन वर न्यावं लागतं. वजनासाठी तळाशी टाकलेलं लोखंड काढलं आणि पाण्याची टाकी वर नेली. किती वर न्यायची हे मी बाईंच्या आकड्यांवरून काढलं, कारण ते बरोबर आहेत हे मला एकट्याला माहीत होतं. दुसऱ्या चाचणीत बोट म्हशीसारखी चालली. मालकांनी हापूसच्या पेट्या पाठवल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मग मी म्हणालो, की यापुढं गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, आणि ती आमच्या ऑफिसची रीत झाली. पुढं मी मोठ्या कामांवर गेलो, ठिकठिकाणी व्याख्यानं दिली, आणि प्रत्येक व्याख्यानात स्टूल सांगितलं. कुणाचं ते सांगितलं नाही. लोकांनी ते माझं धरलं.

साहेब गेले. माझी पत्नी गेली. मागच्या वर्षी नाशकातल्या अभियंत्यांनी माझा सत्कार केला. शाल घेऊन खाली उतरलो तर एक तरुण मुलगी पुढं आली. ती जहाजांच्याच कामात होती. म्हणाली, "सर, आमच्या कॉलेजात तुमचं स्टूल शिकवतात." आणि माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं, पण तिच्याशी काय बोललो ते आठवत नाही.

मग मी बाईंचा पत्ता काढला. त्या तिथंच आहेत, नाशिक रोडला. दार त्यांनीच उघडलं. केस पिकलेले, चष्मा जाड. क्षणभर पाहिलं आणि ओळखलं.

"या. द्वारका चौकातून इकडं यायला चाळीस वर्षं लागली? ट्रॅफिक फार असतं म्हणा."

मी बसलो. त्यांनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याच क्रमानं. स्टुलाचं सांगताना त्या नुसत्या मान हलवत होत्या. ते त्यांना माहीतच होतं. पण ताल बरोबर आला होता असं म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"मोजता आला नाही म्हणाला होतात."

"खोटं बोललो होतो."

"कशानं मोजलात?"

"हातातल्या घड्याळानं."

"एकच हेलकावा?"

"वीस. सरासरी काढली."

"वीस पुरे," त्या म्हणाल्या. "मी पोरींना सांगत आले, की मला ते काम जमलं नाही म्हणून सोडलं. वर्गात सांगायचे. जमलं नाही म्हणायला लाजू नये, असं शिकवायचे त्यांना."

मी म्हणालो, की मी हे सगळं लिहिणार आहे.

"लिहा. पण हुशार मुलगी वगैरे लिहू नका. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. आणि अंश चुकले तेही लिहा, नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्याला दया आली." मग एकदम शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "पण का चुकले? ताल बरोबर आणि अंश दुप्पट, असं कसं?"

एवढी वर्षं मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. अंश चुकले हे माझ्या सोयीचं होतं. तिथं त्यांच्या दिवाणखान्यात बसून पहिल्यांदा विचार केला, आणि उत्तर यायला वेळ लागला नाही, कारण हे काम मला येतं. बोटीचा तळ गोल असला तर ती पाण्यात सुळकन डुलते. तळाला धारदार कोपरा असला तर तो पाणी ढवळतो आणि डुलणं अडवतो, म्हणून बोट कमी कलते. बोट रुंद करताना मी तळ गोल ठेवला नव्हता. बांधायला सोपा जावा म्हणून कोपरा दिला होता.

"कोपरा?" बाई म्हणाल्या. "मला तुम्ही नुसती रुंदी सांगितलीत. तोंडी. तळाचा नकाशा जुनाच होता माझ्याकडं, गोल तळाचा."

"नवा दिला नव्हता?"

"नाही."

मला आठवत नाही. दिला असेल असं म्हणायची फार इच्छा झाली. पण त्यांना आठवतं, आणि कोपरा धरून केलेला हिशेब त्यांच्या हातून एवढा चुकणं शक्य नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

"मग अंश चुकले हे लिहायचं नाही," मी म्हणालो.

"लिहायचं," बाई म्हणाल्या. "चुकले ते चुकले. का चुकले ते आधी लिहा."

म्हणून तसं लिहितो. त्या लाँचचा तळ मी बदलला आणि बाईंना सांगितलं नाही. त्यामुळं त्यांचे कलण्याचे अंश चुकले. डुलण्याचा ताल त्यांनी बरोबर काढला होता, बोट वरच्या माणसाला फेकेल हे त्यांनी ती बांधण्याआधी सांगितलं होतं, आणि स्टूल त्यांचं आहे.